शेजारचं मशीन

पार्किंगच्या ठेकेदाराचा फोन आला तेव्हा ताई ऑफिसच्या बेसिनपाशी जेवणाचा डबा विसळत होत्या. ठेकेदार फार बोलला नाही. तुमचा माणूस काल दुपारी न सांगता उठून गेला, आज फिरकलाच नाही, पुन्हा असली माणसं माझ्या गळ्यात मारू नका, एवढंच. ताई दिलगिरी व्यक्त करत होत्या तोवर फोन बंदही झाला होता. डब्याचं झाकण लागेना. त्यांनी दोनदा दाबून पाहिलं आणि मग ते तसंच पिशवीत टाकलं.

ती नोकरी मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यांची संस्था मुळात अपंग माणसांना काम मिळवून देणारी. पुढे तुरुंगातून सुटलेल्यांचं कामही तिच्याकडे आलं. एखादा माणूस दोन्हींत बसणारा निघाला की बाकीचे त्याला ताईंच्या टेबलाकडे पाठवत आणि वर म्हणत, त्यात तुमचा हातखंडा आहे. हातखंडा वगैरे काही नव्हता. ताईंना समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणता यायचं नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ज्याच्यासाठी ही खटपट केली तो मालट्रक चालवायचा. गाडी सुटून वर्षं लोटली तरी त्याच्या गल्लीत त्याला ड्रायव्हरच म्हणत. एका संध्याकाळी तो पिऊन गाडी चालवत होता. सायकलवरून घरी निघालेली एक बाई त्याच्या गाडीखाली आली आणि जागच्या जागी गेली. गाडी पुढे भिंतीवर आदळली, त्यात त्याचा उजवा पाय चेंगरला. आधी इस्पितळ, मग कोर्ट, मग तुरुंग. शिक्षा संपवून तो बाहेर आला तेव्हा गुडघ्याखाली नकली पाय होता आणि कामाला जावं तिथे पोलिसांचा दाखला मागत होते.

ताईंनी त्याला सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं होतं. किती वेळ उभं राहता येतं, जिने चढता येतात का, बसून काम जमेल का. बसून जमेल, तो म्हणाला. मग त्यांनी ठेकेदाराच्या मागे लागून लागून मोठ्या इस्पितळाच्या पार्किंगमधली केबिन मिळवली. स्टुलावर बसायचं, गाडी आली की बटण दाबून दांडा वर करायचा. सावली होती, पंखा होता. ताईंना वाटलं होतं, याच्यापुरता प्रश्न मिटला.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्या त्याच्या घरी गेल्या. घर म्हणजे थोरल्या बहिणीचं घर, एका दुकानावरच्या दोन खोल्या. जिना अरुंद आणि कठड्याचा लोखंडी पाइप मधेच तुटलेला. वर चढताना ताईंचे गुडघे बोलायला लागले. त्यांना रागही आला होता, आणि आपण दमलोय म्हणून राग येतोय की खरंच राग आलाय, हे त्यांना कळत नव्हतं.

दार बहिणीने उघडलं. तो तिला अक्का म्हणायचा. मेहुणे आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत. अक्का ताईंना घेऊन जिन्यातच थांबली आणि हळू आवाजात बोलत राहिली. तो बाहेरच्या खोलीत झोपतो, घरातलं कोणी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवतो, जणू इथे कोणी झोपलंच नव्हतं. भाच्यांशी बोलतो, पण मेहुणे समोर असले की गप्प. नोकरी लागली तेव्हा मेहुण्यांनी पहिल्यांदा त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं होतं. आणि आता हे. अक्काचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. म्हणाली, चहा टाकते, तुम्ही त्याला काय बोलायचं ते बोला.

ड्रायव्हर खिडकीखाली बसला होता. नकली पाय काढून शेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. ताईंना पाहून तो पाय लावायला लागला, तर त्या म्हणाल्या, राहू दे, मी काही तुम्हाला उभं करायला आले नाही. मग त्यांनी मनातलं सगळं बोलून टाकलं. त्या केबिनसाठी किती जणांचे पाय धरावे लागले, आता त्या ठेकेदाराकडे दुसऱ्या कुणाला पाठवायची सोय उरली नाही, आणि निदान एक फोन तर करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"गाडी मागे घेताना लोक मागे बघत नाहीत, ताई," तो मग म्हणाला. "रोज कितीतरी गाड्या. मागून कोणी म्हातारं माणूस चाललेलं असतं, कोणी पोर असतं. मी केबिनमधून ओरडतो, काचेमुळे ऐकू जात नाही. दिवसभर मी फक्त तेवढंच बघत बसायचो. घरी आलो की शर्ट पिळून काढावा लागायचा."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, जमेल का. जमत होतं. सोसत नव्हतं."

 अक्काने आणलेला चहा ताईंनी घेतला. उतरताना त्या तुटलेल्या कठड्यापाशी थांबल्या आणि वर दाराशी आलेल्या ड्रायव्हरकडे पाहून म्हणाल्या, गाड्यांपासून लांबचं काही मिळतं का बघते, पण आशा लावून बसू नका.

घरी पोचल्यावर त्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या. त्यांचे यजमान निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक बघत. ते हात पुसत बाहेर आले, त्यांच्या पायांकडे बघून म्हणाले, "चपला काढायलाही कुणाची शिफारस लागते का?" ताईंना हसू आलं, पण चपला काढायला आणखी बराच वेळ गेला. जेवताना त्यांनी ड्रायव्हरच्या घरची गोष्ट सांगितली. यजमानांनी विचारलं, मग आता? ताई म्हणाल्या, आता उद्यापासून पुन्हा दारोदार.

दारोदार म्हणजे खरोखरच दारोदार. फोनवर लोकांना नाही म्हणणं सोपं जातं, म्हणून ताई स्वतः जात. औषधांच्या गोदामात मालकाने 'अपंग चालेल' असं सांगितलं आणि तुरुंगाचं कळताच चहाचा कप अर्धा असतानाच उठून उभा राहिला. एका छापखान्यात उलटं झालं. मॅनेजर म्हणाला, शिक्षा भोगून आलाय ना, मग झालं, पण पाय नसलेला माणूस आमच्या जिन्यांवरून कसा फिरणार. ताई दोन्ही ठिकाणांहून आभार मानून बाहेर पडल्या.

शेवटी त्या ताडपत्रीच्या कारखान्यात गेल्या. जुन्या गोदामाचा लांबलचक हॉल, जमिनीवर जाड्या कापडाचे गठ्ठे, आणि भिंतीलगत मोटारीवर चालणारी शिवणयंत्रं. ट्रकवरच्या ताडपत्र्या, मंडपांची छपरं, मालावर टाकायची आच्छादनं तिथे शिवत. रस्ता मागच्या बाजूला, तोही भिंतीपलीकडे. ड्रायव्हरने गाडीवर असताना फाटक्या ताडपत्र्या शिवल्या होत्या, दाभण त्याच्या हाताला सरावाची होती. ते त्याने ताईंना गप्पांच्या ओघात सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

कारखाना एक बाई चालवत. त्यांना सगळे मालकीणबाई म्हणत. ताईंची एक रीत होती, कामावर घ्यायच्या आधी मालकाला सगळं खरं सांगायचं, मग तो हो म्हणो की नको. त्यांनी सांगितलं. मालकीणबाईंनी विचारलं, आता पितो का? नाही, तुरुंगात सुटली ती सुटलीच. भांडखोर आहे का? नाही. पेडल उजव्या पायाचं असतं, ते कसं करणार? ताई म्हणाल्या, ते डावीकडे बसवता येईल. यंत्रं बघणाऱ्या मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली, सगळ्यांचं उजवीकडेच असतं म्हणाला. मालकीणबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं तेव्हा म्हणाला, बसवतो.

 मग मालकीणबाईंनी ताईंना बाजूला नेलं.

"रिकामं मशीन एकच आहे, आणि ते काकूंच्या शेजारी," त्या म्हणाल्या. "काकूंचे यजमान रस्त्यावर गेले. मागून गाडीने उडवलं, गाडीवाला थांबलाही नाही. कोण होता ते आजतागायत कळलं नाही. माझं म्हणणं, मी याला घेते. पण काकूंना न सांगता त्याला त्यांच्या शेजारी बसवणार नाही. आणि सांगायचं काम मी करणार नाही, तुम्ही करा."

ताईंच्या मनात आलं, आभार मानावेत आणि निघावं. आणखी कुठेतरी काहीतरी मिळेल. पण आणखी कुठे, हे त्यांना सुचेना. त्या म्हणाल्या, बोलवा त्यांना.

काकू मागच्या खोलीत आल्या. वयाने ताईंएवढ्याच, अंगाने कृश. बसा म्हटल्यावर त्या ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर टेकल्या. ताईंनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. असा असा माणूस आहे, पिऊन गाडी चालवत होता, एक बाई गेली, शिक्षा भोगून आलाय, तुमच्या शेजारच्या मशीनवर बसवायचं म्हणतोय. काकू कपड्यांना चिकटलेले दोरे एकेक करून काढत होत्या. एक काढला, बोटावर गुंडाळला, खाली टाकला. मग दुसरा.

"शिक्षा पूर्ण भोगली?"

"पूर्ण."

"आमच्या यांना उडवणारा सापडलाच नाही." काकूंनी आणखी एक दोरा ओढला. "येऊ दे त्याला. काम तुंबलंय. फक्त मला त्याच्याशी बोलायला सांगू नका. आणि माझं काय झालंय ते त्याला आधी सांगा. त्याला माहीत असायला हवं, शेजारी कोण आहे."

ड्रायव्हरला सांगणं त्याहून अवघड गेलं. ताईंनी त्याला ऑफिसात बोलावलं, समोर बसवलं आणि सांगितलं. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, मग मी कुठल्या तोंडाने जाऊ? धीर देण्याचं नाटक करण्याइतकी ताकद त्या दिवशी ताईंकडे उरली नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं की जागा त्या बाईंच्या परवानगीने मिळाली आहे, जायचं असेल तर सोमवारी जा, नसेल तर मला कळवा, न सांगता घरी बसू नका.

तो सोमवारी गेला.

ताडपत्रीचं कापड जड असतं. एकट्याने लांब शिवण घालता येत नाही, एकाने सुईखाली सरकवायचं आणि दुसऱ्याने पलीकडून ओढून ताणून धरायचं. त्यामुळे काकूंना आणि ड्रायव्हरला पहिल्या दिवसापासून एकाच कापडाची दोन टोकं धरावी लागली. काकू बोलत नसत. कापड ओढायचं असलं की टेबलावर बोटाने टकटक करत, थांबायचं असलं की तळहात पालथा ठेवत. ड्रायव्हरला ते लवकर समजलं. तो त्यांच्याकडे मान वर करून बघत नसे, त्यांच्या हाताकडे बघे. जेवणाच्या सुट्टीत काकू बाकीच्या बायकांत बसत आणि तो दाराशी, पाय लांब करून. बायका काकूंना खोदून विचारत, कसा आहे? काकू म्हणत, शिवण सरळ घालतो.

पहिला पगार झाला तेव्हा त्याने अक्काच्या घरच्या कठड्याला नवा पाइप बसवून घेतला. मेहुण्यांनी तो हलवून पाहिला, पक्का आहे म्हणाले आणि त्याच्याशी पावसापाण्याचं काहीबाही बोलले. हे अक्काने ताईंना फोन करून सांगितलं. ताई तेव्हा एका आंधळ्या मुलीला टेलिफोनच्या कामाला लावायच्या खटपटीत होत्या आणि त्यांना त्या फोनचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी बरं वाटलं असं म्हटलं. खरोखरच बरं वाटलं होतं, पण ते वाटणं फार खोल जाईना.

बरेच महिने असे गेले. मग एका दुपारी वीज गेली. सगळी यंत्रं एकदम बंद पडली आणि हॉलमध्ये कधी नसते अशी शांतता झाली. बायका हवेला म्हणून अंगणात गेल्या. काकू आणि ड्रायव्हर मात्र जागेवरच राहिले, कारण अर्धी शिवण सुईखाली होती आणि कापड सोडलं असतं तर घसरलं असतं. दोघं आपापलं टोक धरून बसले होते.

"तुमच्या हातून झालं तेव्हा," काकू म्हणाल्या, "तुम्ही थांबलात का?"

इतक्या महिन्यांत त्या त्याच्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या. ड्रायव्हरला आधी वाटलं आपल्याला भास झाला.

"पाय अडकला होता," तो म्हणाला. "दार आत चेपलं होतं. मला हलताच येत नव्हतं."

"आणि अडकला नसता तर?"

त्याला हो म्हणता आलं असतं. नंतर ताईंना सांगताना तो म्हणाला की हो अगदी ओठावर आलं होतं, आणि त्या बाईला बरं वाटावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "थांबलो असतो असं म्हणायला आवडेल मला. पण तेव्हा मी जसा होतो, त्या माणसाची हमी मी देऊ शकत नाही."

काकूंनी मान हलवली की नाही, त्याला दिसलं नाही. वीज आली. त्यांनी टेबलावर टकटक केली आणि शिवण पुढे सुरू झाली. संध्याकाळपर्यंत दोघांनी ती ताडपत्री शिवून पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर आला तेव्हा काकूंचं मशीन त्याच्या शेजारी नव्हतं. त्यांनी मिस्त्रीला लवकर बोलावून ते पार हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी हलवून घेतलं होतं. त्याच्या शेजारी जमिनीवर मशीनच्या पायांचे चार डाग तेवढे राहिले होते.

ताई ऑफिसला पोचल्या तेव्हा तो बाकावर बसून होता. कारखान्यातून तसाच निघून आला होता, मालकीणबाईंना सांगून. या वेळी न सांगता आलो नाही, असं त्याने आधी सांगितलं आणि मग बाकीचं. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, मी खोटं बोलायला हवं होतं का? ताई पिशवी खांद्यावरून उतरवायची विसरून तशाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मला नाही सांगता येत. चला, आधी कारखान्यात जाऊ.

 बसमध्ये ताईंना वाटत होतं की हे आता हातचं गेलं, आणि त्यांना नवलही वाटलं की त्याचं दुःख होण्याआधी त्या मनातल्या मनात पुढची दारं शोधायला लागल्या होत्या.

कारखान्यात त्यांनी ड्रायव्हरला दाराशी थांबायला सांगितलं आणि त्या खिडकीपाशी काकूंकडे गेल्या. काकूंनी मशीन थांबवलं.

"त्याला काढायला नका सांगू," काकूच आधी म्हणाल्या. "मी मालकीणबाईंनाही तेच सांगितलंय. खरं बोलला तो, मला कळतं. पण इतकी वर्षं मी धरून चालले होते की आमच्या यांना टाकून गेला तो माणूसच नव्हता, कोणीतरी राक्षस होता. तसं मानलं की झोप लागायची. काल हा म्हणाला, माहीत नाही. तेव्हापासून मला वाटतंय, तोही असाच कुठेतरी कामाला जात असेल, डबा खात असेल. शिवण सरळ घालत असेल." त्यांनी सुईखालचं कापड उगाचच सारखं केलं. "त्याने इथे राहावं. मला फक्त शेजारी नको."

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंनी तो क्षणभर राहू दिला, मग मशीन सुरू केलं.

दाराशी येऊन ताईंनी ड्रायव्हरला सगळं जसंच्या तसं सांगितलं. काहीही गोड करून सांगितलं नाही. तो खाली बघत ऐकत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, मग कापडाचं दुसरं टोक कोण धरणार? ताई म्हणाल्या, ते मालकीणबाई बघतील, तुम्ही जागेवर जा. तो गेला. नकली पायाची चाल आता पुष्कळ सुधारली होती, पण त्या दिवशी तो अंमळ जास्तच लंगडत होता. जागेवर बसून त्याने मशीनवरची धूळ फडक्याने पुसली आणि कालच्या ताडपत्रीच्या कडेला दोर ओवायच्या रिंगा ठोकायला घेतल्या. त्याला एकट्याला करता येण्यासारखं तेवढंच काम होतं.

ताई निघणार तेवढ्यात मालकीणबाईंनी त्यांना मागे बोलावलं. आपल्या छोट्या केबिनमध्ये बसवलं. ताईंना वाटलं, आता तक्रार ऐकावी लागणार, आणि त्यांनी मनाची तयारी केली.

"त्याच्या शेजारी माणूस हवंय," मालकीणबाई म्हणाल्या. "इथल्या बायकांपैकी कोणी जायला तयार नाही. तुमच्याकडे कोणी आहे का?"

असं आपणहून ताईंना आजवर कुठल्याच मालकाने विचारलं नव्हतं. खरं तर त्यांनी आनंदाने उडी मारायला हवी होती. त्या नुसत्या खुर्चीत आणखी थोड्या मागे रेलल्या. डोळ्यांसमोर लगेच एक बाई आली. दोन्ही कानांनी ऐकू न येणारी, चोरीच्या गुन्ह्यात आत जाऊन आलेली, आणि हातात भरपूर ताकद असलेली. तिला आपण या खेपेला काय जमेल त्याआधी काय सोसेल ते विचारायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "पण तिच्याबद्दल आधी सगळं सांगते, मग ठरवा."

"सांगा."

"सांगते," ताई म्हणाल्या. "आधी जरा पाणी द्या."